मघाशी गोळी दिली होती का?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातला एक सोमवार माझ्या मनातून जात नाही. खेदाची गोष्ट अशी की, त्या सकाळची जी पंधरा-वीस मिनिटे आठवायला हवी होती, नेमकी तीच मला आजही आठवत नाहीत.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला आमचे घर आहे. मी तेव्हा ६७ वर्षांची होते, यजमान ७४ वर्षांचे. मी माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवले. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. मधुमेह आणि रक्तदाब हे त्यांचे जुने सोबती. त्या सोमवारच्या आधी आठ महिने त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला होता. वेळेवर उपचार मिळाल्याने ते सावरले. परंतु उजव्या हातात अशक्तपणा राहिला आणि बोलण्यात किंचित जडपणा आला. ज्या हाताने आयुष्यभर केसाइतकी बारीक रेघ ओढली, त्या हाताला सदऱ्याची गुंडी लागेना. त्यांचे औषधपाणी, आंघोळ, व्यायाम, जेवण हे सारे माझ्याकडे आले. मी ते आनंदाने स्वीकारले असे लिहिले तर ते खोटे होईल. कर्तव्य म्हणून स्वीकारले, आणि एखादी परीक्षा पार पाडावी तशा कडक शिस्तीने पार पाडू लागले.

त्या दिवशी माझा उपवास होता. सकाळी आठच्या सुमारास गॅसवर दूध होते, दारात सिलिंडरवाला उभा होता, आणि मुलाचा फोन चालू होता. गणपतीला येणार की नाही, आल्यास किती दिवस, याची चर्चा मी कानाशी फोन धरून करीत होते. त्या गडबडीत मी यांना न्याहारीपूर्वीच्या गोळ्या दिल्या. मग दूध उतू गेले, ओटा पुसला, सिलिंडरवाल्याला पैसे दिले, उपमा वाढला. आणि “अजून गोळ्या द्यायच्याच आहेत” असे मनाशी म्हणत मी त्याच गोळ्या पुन्हा दिल्या. त्यांत साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी होती. त्यात भर म्हणजे त्या दिवशी त्यांनी उपमाही अर्धाच खाल्ला.

साडेअकराच्या सुमारास मी पूजेची भांडी घासत असताना त्यांनी हाक मारली. हाक मला नव्हती. त्यांच्या कैलासवासी थोरल्या बहिणीला होती. मी बाहेर येऊन पाहिले तर सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि नजर माझ्यावर असूनही मला ओळखत नव्हती. पहिला विचार आला तो दुसऱ्या झटक्याचा. सुदैवाने साखर तपासण्याचे यंत्र हाताशी होते. आकडा आला ४६. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती धोक्याची समजावी, हे मला ठाऊक होते. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. आकडा ६८ वर आला. तोवर शेजारच्या वहिनी धावत आल्या होत्या. त्यांनी घाईने कंदी पेढ्यांचा पुडा आणला होता. पुढे डॉक्टरांनी सांगितले की अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोजची पूड हीच बरी. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आम्हीही रुग्णालय गाठलेच. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. वयस्कर माणसांत, विशेषतः मूत्रपिंडे थकलेली असतील तर अधिकच. एकदा साखर वर आली म्हणजे संकट टळले असे नव्हे. त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले. दाखल करून घेताना परिचारिकेने विचारले, “मधुमेहाची गोळी किती वाजता दिलीत?” मी गप्प. “एकदाच दिलीत ना?” मी पुन्हा गप्प. घरून शेजाऱ्यांनी गोळ्यांची पाकिटे मोजून सांगितली, तेव्हा हिशेब लागला. एका दिवसात दोन दिवसांच्या गोळ्या गेल्या होत्या.

त्या रात्री रुग्णालयातील बाकावर बसून मी एकच गोष्ट आठवण्याचा प्रयत्न करीत होते. पहिल्यांदा गोळी दिली तेव्हा मी पेला कोणता घेतला होता? त्यांनी काय म्हटले होते? काहीच आठवेना. दुसऱ्यांदा दिल्याचेही आठवेना. दूध उतू गेलेले आठवत होते, मुलाचे वाक्य न् वाक्य आठवत होते. पण माझ्या हातून दोनदा घडलेली ती कृती माझ्या आठवणीत कुठेच नव्हती. मला वाटले, संपले. आता मलाही विस्मरणाचा विकार जडला. आता यांना कोण सांभाळणार, आणि मला कोण?

दुसऱ्या दिवशी मी ही भीती डॉक्टरांजवळ बोलून दाखवली. त्यांनी माझी थोडी तपासणी केली. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणीही करायला लावली, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. दोन्ही ठीक निघाले. मग त्यांनी जे समजावले ते मी मास्तरीण असल्याने मला चटकन पटले. आठवण राहण्यासाठी आधी नोंद व्हावी लागते, आणि नोंद व्हायला लक्ष लागते. जिकडे लक्षच नव्हते ती गोष्ट मेंदूने साठवलेलीच नसते. मग ती शोधून सापडणार कशी? ते म्हणाले, “तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही तिथे नव्हताच.” अर्थात, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, नेहमीचे व्यवहार न जमणे अशी लक्षणे दिसली तर मात्र ती अंगावर न काढता तपासून घ्यावीत, हेही त्यांनी बजावले.

“तिथे नव्हताच” हे शब्द मला लागले. चौतीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली. “हजर” म्हणून खिडकीबाहेर पाहणारी मुले मला लगेच कळत. माझी स्वतःची हजेरी मात्र मी कधी घेतली नव्हती.

परंतु खरा धक्का याहून पुढचा होता. घरी परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीला, हे सावकाश म्हणाले, “एक सांगू का? दुसऱ्यांदा गोळी दिलीस तेव्हा मला वाटलं होतं, मघाशी घेतली म्हणून.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “तू चिडलेली होतीस. दूध उतू गेलं होतं. म्हटलं, आणखी कशाला त्रास.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काही काम नव्हते, तरी गेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्याशी हक्काने वाद घातला, तो माणूस आता माझ्या कपाळावरची आठी पाहून जिवावरची गोष्ट गिळून टाकीत होता. परावलंबी झालेली माणसे किती गोष्टी अशा गिळत असतील! पाणी हवे असते, पण आताच मागितले होते म्हणून मागत नाहीत. पाय दुखत असतो, पण मुलगा दमून आला आहे म्हणून सांगत नाहीत. मी त्यांची सेवा करीत होते, त्यात तसूभर कसूर नव्हती. फक्त मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. गोळी हातात होती, हात त्यांच्यापुढे होता, आणि चित्त थाऱ्यावर नव्हते.

त्या आठवड्यात मी पुस्तकांकडे वळले, जुनी सवय. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द तोवर मला वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतला, तरुणांच्या चोचल्यांतला वाटे. वाचता वाचता कळले की त्यामागचा मूळ पाली शब्द ‘सति’ आहे, आणि तो आपल्या ‘स्मृती’चाच भाऊ. म्हणजे लक्ष आणि आठवण यांचे जे नाते डॉक्टरांनी सांगितले, ते त्या शब्दाच्या पोटातच होते. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी आणि ताणाने त्रासलेल्या रुग्णांसाठी हे अवधान शिकवणारा वर्ग सुरू केला. तो आठ आठवड्यांचा असतो. त्यात एक बेदाणा हातात घेऊन, पाहून, हुंगून, अगदी सावकाश चावून खायला लावतात, हे वाचून मला हसू आले. कारण लहानपणी आजी घास चावून खायला लावी ते आठवले. मराठीत या साऱ्यासाठी ‘सजगता’ हा शब्द रूढ होतो आहे. मला मात्र आपला ‘भान’ हा शब्द जवळचा वाटतो. भान ठेवणे, भानावर येणे, भान हरपणे हे सारे आपण रोज बोलतो. भान सुटणार, आणि पुन्हा त्यावर यायचे असते, हे त्या शब्दप्रयोगांतच गृहीत धरलेले आहे.

मी आधी रीतसर ध्यानाला बसून पाहिले. पहाटे पाच वाजता आसन घातले, डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागले, आणि पाचव्या दिवशी मी भिंतीला टेकून चक्क घोरत होते, असे यांनी सांगितले. ज्यांना बसून ध्यान जमते त्यांनी ते अवश्य करावे. माझ्यासारख्या, दिवसभर कुणाच्या तरी हाकेला ओ देणाऱ्या बाईला वेगळा वेळ काढून भान ठेवणे जमले नाही. म्हणून मी ठरवले की जी कामे करायचीच आहेत त्यांतली चार-पाच निवडायची, आणि तेवढ्यापुरते पूर्ण हजर राहायचे. दिवसातली ही सारी मिळून अर्धा-पाऊण तासाची हजेरी आहे. त्याहून अधिकाचा दावा मी करीत नाही.

पहिली हजेरी गोळ्यांची. रविवारी दुपारी आम्ही दोघे मिळून आठवड्याच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेल्या डबीत भरतो. कप्पा रिकामा दिसला की गोळी गेली हे उघडच कळते. आठवणीवर विसंबावे लागत नाही. गोळी देताना फोन दुसऱ्या खोलीत, गॅस बंद. मी त्यांच्या समोर बसते, उभी राहत नाही. गोळीचे काम मोठ्याने सांगते: “ही साखरेची, ही रक्त पातळ ठेवण्याची.” ते ऐकून मान डोलावतात आणि मग घेतात. त्यानंतर दिनदर्शिकेवर खूण करायची, आणि ती खूण मी करायची नाही, त्यांनी करायची. पेन्सिल त्यांच्या उजव्या हातात. पहिल्या महिन्यात ती खूण शेजारच्या तारखेवर जाई. “धरणाची भिंत चुकली,” असे ते म्हणत. आता ती चौकटीत बसते. रेघ अजून वाकडीच आहे. पण औषध देणारी मी आणि घेणारे ते, असे जे झाले होते ते या पेन्सिलीने बदलले. आता औषधावर दोघांचे लक्ष आहे, आणि “मघाशी घेतली का गं?” असे विचारण्याचा त्यांचा हक्क त्यांना परत मिळाला आहे. एवढे करूनही कधी शंका आलीच, तर साखर कमी करणारी गोळी अंदाजाने पुन्हा देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. आणि दोनदा दिली गेली असे लक्षात आले तर लक्षणांची वाट न पाहता लगेच कळवावे. मी लाजेने तासभर वाट पाहणारी असते तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

दुसरी हजेरी उठण्याची. वयोमानाने आणि रक्तदाबाच्या औषधांनी, झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब खाली येतो. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर वैद्यकशास्त्र त्याला दोष मानते. डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि म्हातारपणी रात्री न्हाणीघराकडे जाताना जे पडणे होते त्यामागे अनेकदा हेच कारण असते. आम्ही दोघेही आता कुशीवर वळतो, हाताच्या आधाराने उठून बसतो, पाय जमिनीला टेकवतो आणि दहा श्वास मोजतो. मोजताना पायाला फरशी गार लागते की कोमट, एवढेच पाहायचे. मग आधार धरून उभे राहायचे. त्या दहा श्वासांना मिनिटसुद्धा लागत नाही. आधी ते मिनिट मला वाया गेलेले वाटे. मांडीचे हाड मोडून कुणी अंथरुणाला खिळले म्हणजे किती मिनिटे जातात, याचा हिशेब गणिताच्या बाईला तरी कळायला हवा होता.

तिसरी हजेरी जेवणाची. आमच्याकडे दूरदर्शन संच जेवणघरातून दिसे. तो बंद झाला. सगळे जेवण मौनात करायचे असा नियम केला असता तर आठवड्यात मोडला असता; म्हणून पहिले पाच घास फक्त घासाकडे लक्ष देऊन. पूर्वी जेवणाआधी श्लोक म्हणण्याची रीत होती. तिने नकळत हेच साधत असावे, आलेला माणूस पानावर बसेपर्यंत त्याचे मनही येऊन बसे. पक्षाघातानंतर यांना पातळ पदार्थांचा ठसका लागे. ताठ बसणे, लहान घास घेणे, घास गिळल्याशिवाय न बोलणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होणे हे गिळण्याच्या तज्ज्ञांनी शिकवले होते. पण लक्ष नसेल तर शिकवलेले उपयोगाचे नसते. ज्यांना वारंवार ठसका लागतो त्यांनी अशा तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा, कारण अन्न श्वासनलिकेत गेल्याने फुप्फुसाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. लक्ष देऊन खाऊ लागल्यावर आणखी एक गोष्ट समजली: आमच्या आमटीत मीठ फार होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, चटणी, फरसाण सारे आले. मीठ हळूहळू उतरवले. पहिले पंधरा दिवस यांनी कुरकुर केली. त्यानंतर त्यांना दोडक्याची मूळची गोडी लागली, असे ते म्हणतात. माझे मन राखण्यासाठी म्हणत असतील तरी माझी हरकत नाही.

पाण्याचेही तसेच. वयानुसार तहान मंदावते. शरीराला पाणी हवे असते पण घसा मागत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी पेलाभर पाणी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चौथी हजेरी चालण्याची. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम, असे ६५ वर्षांवरील माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. एके काळी आम्ही दोघे चार भिंतींपर्यंत चढून जात असू. आता अंगणातल्या बारा फेऱ्या हाच आमचा गड. आधी मी त्यांचा हात धरून ओढल्यासारखी चाले, आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार. आता टाच टेकली, चवडा टेकला, असे दोघेही मनात म्हणतो. त्यांचे उजवे पाऊल किंचित घासते, हे मला या चालण्यात प्रथम दिसले. फिजिओथेरपिस्टला सांगितल्यावर त्यांनी व्यायाम बदलून दिला. एवढे महिने मी रोज सोबत चालत होते आणि ते पाऊल मला दिसले नव्हते. स्वयंपाक करताना ओट्याला धरून टाचा दहादा उचलणे हा माझा स्वतःचा व्यायाम. वाफेवर भात असताना तो सहज होतो.

शेवटची हजेरी रात्रीची. अंथरुणावर पडल्यावर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत जायचे. कुठे ताण आहे, कुठे दुखते आहे, ते फक्त पाहायचे, बदलायचा आग्रह धरायचा नाही. खरे सांगते, मी अद्याप गुडघ्यांच्या वर पोहोचलेले नाही. त्याआधीच झोप लागते. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

हे सारे वाचून कुणाला वाटेल की आमच्या घरी आता अखंड शांती नांदते. तसे नाही. मागच्या उन्हाळ्यात पाहुणे आले असताना मी पुन्हा फोनवर बोलता बोलता डबी उघडली आणि रात्रीचा कप्पा सकाळी पुढे केला. हे म्हणाले, “थांब. फोन ठेव आधी.” आवाजात थोडी धार होती. पाहुण्यांसमोर मला ते लागले, आणि पुढच्याच क्षणी मनापासून बरे वाटले. श्रावणातल्या त्या सोमवारी जे शब्द त्यांनी गिळले होते, ते आता त्यांच्या तोंडून आले होते. भान सुटते. सुटले म्हणून स्वतःला कोसत बसले तर त्या कोसण्यातही पुढचा क्षण हातचा जातो. सुटले हे ध्यानात आले की परत यायचे, एवढेच. हा या अभ्यासाचा मुख्य पाठ आहे, आणि म्हातारपणी नव्याने शिकायला तो फारसा अवघड नाही.

शुश्रूषा करणाऱ्या माझ्या वाचक भगिनींना आणि बंधूंना आणखी एक सांगावेसे वाटते. माझी ती चूक केवळ बेसावधपणाची नव्हती. ती थकव्याचीही होती. आठ महिने मी एकही दुपार माझी अशी घेतली नव्हती, रात्री तीन-चारदा उठत होते, आणि वर उपवास. थकलेल्या मनाला “लक्ष दे” असे बजावणे म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडणे. म्हणून आता गुरुवारी दुपारी दोन तास शेजारच्या वहिनी यांच्याजवळ बसतात आणि मी वाचनालयात जाते. पहिल्या गुरुवारी मला अपराधी वाटले. यांना मात्र वहिनींशी पत्ते खेळायला मिळाल्याने आनंद झाला होता, हे मला नंतर कळले. मुलालाही मी स्पष्ट सांगितले: सकाळी आठ ते नऊ फोन करायचा नाही. तो रागावला नाही. मीच इतकी वर्षे सांगितले नव्हते. श्रावणी सोमवारचा कडक उपवासही आता सोडला आहे. एक वेळ साधे जेवण घेते. आणि कुणाचे मन सतत उदास राहत असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर श्वास मोजण्यावर विसंबून राहू नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांकडे जावे. अवधान हे औषधाच्या जागी येत नाही. औषध योग्य वेळी, योग्य मात्रेत, योग्य माणसाच्या हाती पडावे, इतके मात्र ते नक्की करते.

आपण आज काय करावे, असे कुणी विचारले तर मी एकच काम निवडा म्हणेन; पाच नकोत. गोळी देण्याचे घ्या किंवा अंथरुणातून उठण्याचे घ्या. आठवडाभर तेवढ्याच कामाला हजर राहा. आणि ते काम कुणासाठी करीत असाल तर त्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा. तो काही बोलायचे राहून जातो आहे का, ते दिसेल.

आज सकाळी मी गोळ्या घेऊन त्यांच्यासमोर बसले. साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवण्याची. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पेन्सिल उचलली आणि तारखेच्या चौकटीत खूण केली. मग ती खूण एका डोळ्याने नीट न्याहाळून म्हणाले, “आजची रेघ बरी आली आहे.” मी पाहिली. खरेच बरी होती.